डब्यावरचा त्रिकोण जे सांगत नाही

फवारणीच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर आणि पुडीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. संगमनेर तालुक्यात आमचा टोमॅटो, कांदा आणि थोडं डाळिंब. त्यामुळे या ना त्या रंगाची बाटली वर्षभर घरात असतेच. लाल म्हणजे जहाल आणि हिरवा म्हणजे बिनघोर, एवढं आम्हा बायकांनाही पाठ. लाल रंगाची बाटली पुरुषमाणूस स्वतः फोडतो. हिरव्याची पुडी कोणीही फोडावी, काठी नसली तर हातानं कालवावी, उरलेली गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवावी, अशी आमच्या वस्तीवरची रीत. त्या हिरव्या रंगाबद्दलच मला लिहायचं आहे.

हा रंग ठरतो तो उंदरांवरच्या चाचणीतून. तोंडावाटे किती औषध दिलं की निम्मे उंदीर मरतात, ते मोजतात. किलोभर वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मरत असतील तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्याहून जास्त लागलं तर हिरवा. म्हणजे रंग सांगतो तो एका दमात मरण्याचा धोका. तो धोका खोटा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पण शरीरात हळूहळू उतरून हार्मोनच्या कामात हात घालणाऱ्या औषधाबद्दल हा रंग एक अक्षर बोलत नाही. ते आमच्या घराला कळलं माझ्या पुतणीच्या निमित्तानं.

ती दुसरीत होती. अंघोळ घालताना जाऊबाईंच्या लक्षात आलं की पोरीच्या छातीला गाठीसारखं लागतंय. आधी वाटलं, मार लागला असेल. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच. घरात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, आजकाल पोरी लवकरच मोठ्या होतात. कोणी ब्रॉयलर कोंबडीला दोष दिला, कोणी पिशवीच्या दुधाला. सासूबाई म्हणाल्या, कोणाला सांगू नका, पुढं लग्नाला आडवं येईल. त्या भीतीनं काही महिने वाया गेले असते. पण दीर समजूतदार निघाले आणि पोरीला शहरात मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही सोबत होते. हाडांचं वय पाहायला हाताचा एक्स-रे, रक्त, सोनोग्राफी, सगळं झालं. मुलीच्या आठव्या वर्षाआधी छाती वाढू लागली किंवा मुलाच्या नवव्या वर्षाआधी अंडकोष वाढू लागले, तर त्याला वेळेआधी वयात येणं म्हणतात. मुलींमध्ये बहुतेक वेळा त्याचं कारण सापडतच नाही. आमच्या पोरीचंही सापडलं नाही. ठरावीक मुदतीनं इंजेक्शनं देऊन ते थोपवता येतं, तसे उपचार सुरू झाले आणि त्यांचा उपयोगही झाला.

डॉक्टरांनी विचारलं, "घरची शेती आहे ना, ताई? काय काय फवारता?" त्यांनी औषधांकडे बोट दाखवलं नाही. एका मुलीच्या बाबतीत अमुक औषधामुळेच हे झालं असं सांगता येत नाही, आणि त्याचा हात नसेलच असंही सांगता येत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. आम्हाला मात्र नावंच सांगता येईनात. दुकानातून येते ती कंपनीच्या नावाची बाटली. आतल्या रसायनाचं नाव बारीक अक्षरात, तेही बाटली भंगारात गेली की संपलं. घरी आल्यावर मी त्या बारीक अक्षरांच्या मागे लागले. माझी भाची जीवशास्त्र शिकवते. तिनं मला धड्यासारखं समजावून दिलं. त्यातलं जे मला पटलं आणि जे प्रत्येक शेतकरी घरात ठाऊक असायला हवं, तेवढंच इथे मांडते.

इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन. पुरुषातही ते थोडं असतं. ते रक्तातून पेशीत शिरतं आणि तिथल्या एका प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं. ही जोडी पेशीच्या केंद्रात डीएनएवर ठरलेल्या जागी बसते आणि काही जनुकं कामाला लागतात. छाती वाढणं, पाळी, गर्भाशयाचं अस्तर, हाडांची वाढ थांबणं, असं बरंच काही त्यावर चालतं. आता या रिसेप्टरमधली खोबण जरा ऐसपैस आहे. इस्ट्रोजेनशी ठेवण जुळणारी परकी रसायनंही तिच्यात मावतात. आमच्याकडे प्रवरेच्या कालव्याला आवर्तन सुटलं की चारीचं दार पाटकरी उघडतो, ज्याची पाळी त्याच्या रानात पाणी जातं. रात्री भलत्यानंच दार उचललं तरी पाणी तेच असतं, पण पाळी नसताना ते कांद्याच्या रोपात शिरलं तर रोप सडतं. ही रसायनं भलत्या वेळी दार उचलतात. काही उलटं करतात, दार अडवून बसतात. डीडीटी शरीरात मोडून जे डीडीई तयार होतं ते पुरुषी हार्मोनचा रिसेप्टर असाच अडवतं, हे १९९५ मध्ये दिसून आलं.

हे ज्ञान आजचं नाही. १९५० मध्ये अमेरिकेत बर्लिंग्टन आणि लिंडमन या दोन संशोधकांनी पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांच्या नर पिलांना डीडीटी दिलं. पिलं मेली नाहीत. पण त्यांचे तुरे आणि वृषण खुरटले, जणू त्यांना मादीचं हार्मोन दिलं होतं. त्याच दशकात आपल्याकडे हिवतापाच्या मोहिमेत घरोघर भिंतींवर डीडीटी मारलं जात होतं. हिवतापानं माणसं मरत होती, त्यामुळे त्या मोहिमेला मी नावं ठेवणार नाही. शेतीत डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं. धान्यात आणि पिकावर सर्रास टाकली जाणारी बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली.

एन्डोसल्फान तर आमच्या पिढीनं हातानं कालवलेलं औषध. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथली ११७ मुलं आणि फवारणीपासून दूरच्या गावातली ९० मुलं तपासली. फवारणीखालच्या गावातली मुलं वयात यायला उशीर करत होती, त्यांचं पुरुषी हार्मोनही वयाच्या मानानं कमी होतं. हा अभ्यास २००३ मध्ये छापला गेला. सर्वोच्च न्यायालयानं देशभर बंदी घातली ती १३ मे २०११ ला. तोवर आमच्या भागात कपाशी, तूर, भाजीपाला, सगळ्यांवर ते पडून गेलेलं होतं.

मुलीच्या लवकर वयात येण्याबद्दल मला सगळ्यात जवळचं वाटलं ते बेल्जियममधलं काम. २००१ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की विकसनशील देशांतून दत्तक किंवा कुटुंबासोबत आलेल्या मुलींमध्ये वेळेआधी वयात येण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यांच्या रक्तात डीडीईचे अंश सापडले. तिथेच जन्मलेल्या बहुतेक मुलींच्या रक्तात नव्हते. देश बदलला, आहार बदलला, या गोष्टीही कारण असू शकतात. त्यामुळे हा पुरावा पक्का म्हणता येत नाही. पण आपल्या मुली कुठल्या धुरळ्यात वाढतात हे विचारायला तो पुरेसा आहे.

"इतकं थोडंसं तर अंगात जातं," असं आमचे दीर म्हणायचे. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. या रसायनांची ताकद खऱ्या इस्ट्रोजेनच्या हजारो पटींनी कमी असते. मात्र शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन रक्तातल्या प्रथिनांना बांधलेलं असतं, तर ही परकी रसायनं त्या बंधनातून बरीच मोकळी राहतात. जुनी क्लोरीनयुक्त औषधं चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षं तिथेच असतात. शिवाय अंगात एकच औषध जात नाही. लंडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये अशी ८ रसायनं एकत्र केली, प्रत्येक इतकं थोडं की एकट्यानं काहीच परिणाम दिसू नये. एकत्र आल्यावर परिणाम ठळक दिसला. आमच्या एका पंपात दोन-तीन औषधं आणि वर स्टिकर असतं, हे आठवून माझ्या पोटात खड्डा पडला.

स्टिकरचंही ऐका. कांद्याच्या गुळगुळीत पातीवर थेंब टिकत नाही, म्हणून आम्ही ते घालतो. त्याला कोणी औषध मानत नाही. अमेरिकेत ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन न घालताच पेशी वाढू लागल्या. शोध घेतल्यावर प्लॅस्टिकच्या नळ्यांतून झिरपणारं नोनिलफेनॉल सापडलं. १९९१ चं हे काम. नोनिलफेनॉलपासून बनलेले पदार्थ औषध पानावर पसरावं म्हणून काही मिश्रणांत आणि काही स्टिकरांत वापरले जातात. त्याच दोघांनी पुढे १९९४ मध्ये एन्डोसल्फान, टॉक्साफीन आणि डिल्ड्रिन त्या पेशींना इस्ट्रोजेनसारखं वाढवतात हे दाखवलं.

आज बाजारात असलेली सगळी औषधं इस्ट्रोजेनची नक्कल करतात, असं मुळीच नाही. काहींची वाट वेगळी आहे. ऊस आणि मक्यातलं तणनाशक ॲट्राझिन रिसेप्टरला चिकटत नाही. ते प्रयोगशाळेतल्या पेशींत पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करणारं एन्झाइम वाढवतं. बेडकांवरच्या त्याच्या परिणामांवरून शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. युरोपीय संघानं भूजलात ते सापडू लागल्यावर २००४ मध्येच त्याची मान्यता काढली. टोमॅटो-द्राक्षावरचं मॅन्कोझेब तीव्र विषारीपणाच्या मोजमापात हिरव्यात बसतं. पण ते मोडून जे तयार होतं ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं. युरोपनं २०२० मध्ये त्याचं नूतनीकरण नाकारलं, आणि हार्मोनवरचा परिणाम हे त्यामागचं एक कारण होतं. हाच तो आमच्या गोठ्यातल्या कोनाड्यातला हिरवा त्रिकोण.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेळ. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त साठवून ठेवलं होतं. बार्बरा कोन यांच्या गटानं पुढे ते तपासलं. ज्या बायकांना वयाच्या चौदाव्या वर्षाआधी डीडीटीचा संपर्क आला आणि रक्तात ते जास्त होतं, त्यांना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका मोठा दिसला. मोठेपणी संपर्क आलेल्यांत तसं दिसलं नाही. म्हणून हातात पंप असलेल्या गड्याइतकीच, किंबहुना जास्त, काळजी घ्यायची ती पंप कधीच न धरणाऱ्यांची: पोटुशी बाई, तिच्या पोटातलं बाळ, अंगणातलं रांगतं मूल, वयात येणारी पोरं.

आमच्या घरात आता दिवस गेलेली किंवा दिवस राहावेत असं वाटणारी बाई औषध कालवत नाही, फवारलेल्या रानात खुरपायला जात नाही, फवारणीचे कपडे धूत नाही. मजुरीला येणाऱ्या बायकांनाही हाच नियम लावा आणि त्या दिवसाचं दुसरं काम द्या. रोज बुडेल या भीतीनं बाई सांगणार नाही, म्हणून तुम्हीच विचारा. फवारणारा माणूस बाहेरच अंघोळ करतो आणि मगच लेकराला उचलतो. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुतले जातात. औषध राहत्या घरात, धान्याजवळ किंवा गोठ्यात नको; बाहेर कुलपात ठेवा. रिकामा डबा तीनदा धुवून ते धुवण पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा रॉकेल भरणार नाही. पंप विहिरीवर आणि पाटावर धुवू नका.

टोमॅटोवाल्यांना एक अवघड गोष्ट सांगते. लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. आपला तोडा दोन-तीन दिवसांआड. मग सात दिवस थांबायचे कसे? ते जमत नाहीच. म्हणून तोडे सुरू झाले की थांबण्याचे दिवस कमी असलेलं औषधच निवडायचं आणि तोडा झाल्यावरच फवारायचं. आम्ही फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावले, कडेनं झेंडू लावला, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क मारला. रासायनिक फवारणी थांबली नाही, पण दर आठवड्याला सवयीनं मारायची ती थांबली. सापळ्यात पतंग मोजल्याशिवाय पंप भरायचा नाही, असं आता ठरलं आहे.

एक वही ठेवा. तारीख, पीक, रसायनाचं नाव, प्रमाण, फवारणारा कोण. लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराकडे पक्कं बिल मागा. त्यावरही आतल्या घटकाचं नाव लिहून घ्या. घरात कोणी आजारी पडलं, गर्भ राहत नसेल किंवा वारंवार पडत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बाळाचा अंडकोष सहा महिन्यांतही खाली उतरला नसेल किंवा लघवीचं छिद्र जागेवर नसेल, तर लाजून थांबू नका. वेळेवर उपचार केले तर हे नीट होतं. लहान वयात छाती वाढू लागलेली मुलगी असेल तर तिला कोंडून, दटावून काही होत नाही. तिला शाळेत पाठवा, तिच्याशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं बायकांच्या बैठकीत सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. भाजी खायची की नाही? खायचीच. वाहत्या पाण्यात चोळून धुवायची, साल काढता येत असेल तर काढायची. पानाफळाच्या आत मुरलेलं औषध धुऊन जात नाही, पण भाजी सोडल्यानं होणारं नुकसान त्याहून मोठं आहे. आणि बाळाला अंगावर पाजायचं का? आईच्या दुधात अशा रसायनांचे अंश उतरतात हे खरं, तरीही पाजायचंच. त्या दुधाला तोड नाही, आणि डॉक्टरही तेच सांगतात. बाळंतिणीनं त्या दिवसांत फवारलेल्या रानापासून लांब राहायचं, एवढी व्यवस्था घरातल्या बाकीच्यांनी करायची.