मोटारीच्या ब्रेकांची ओरड

सकाळीं शाळेच्या फाटकाशीं मोटारी थांबूं लागल्या म्हणजे जे अनेक आवाज कानीं पडतात, त्यांत एक असा असतो कीं, तो ऐकतांच दांत आंबल्यासारखे होतात. मोटार थांबतां थांबतां चाकांतून एक तीक्ष्ण किंकाळी निघते, मुलें कानांवर हात ठेवून हसतात, आणि मोटार हांकणारे गृहस्थ किंचित् ओशाळून पुढें निघून जातात. हा आवाज म्हणजे केवळ उपद्रव, त्याकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं, असें कित्येकांना वाटतें. उलट आवाज आला कीं ब्रेक निकामी झालेच, असें समजून घाबरणारेही थोडे नाहींत. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. ब्रेकांचे आवाज अनेक जातींचे असतात. त्यांतील निरुपद्रवी कोणता व जिवावर बेतणारा कोणता, हें ओळखण्यास पदार्थविज्ञानाचे शाळेंतील धडे आणि सावध कान एवढें साहित्य बहुधा पुरतें.

प्रथम रचना पाहूं. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्कब्रेक व मागच्या चाकांना ड्रमब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड चकती. कॅलिपर नांवाचा चिमटा तिच्या दोन्ही बाजूंस धरलेला असतो. पेडल दाबलें म्हणजे नळींतील ब्रेक ऑईलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो व दोन पॅड चकतीला दोहों बाजूंनीं आवळतात. ड्रमब्रेकांत पॅडांऐवजीं अर्धचंद्राकृति शू असतात. ते फिरत्या ड्रमला आंतून घासतात. दोहोंत तत्त्व एकच, तें घर्षणाचें.

या घर्षणाला किती काम पडतें याचा हिशेब आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारें १,३९,००० जूल भरते. ती थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहींशी होत नाहीं. तिचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपानें ब्रेकांत उतरतो. एवढ्या उष्णतेनें एक लिटर पाण्याचें तापमान सुमारें ३३ अंशांनीं वाढेल. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. घाटाची गोष्ट तर याहून वेगळी आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरतांना मोटार ५०० मीटरांहून अधिक खालीं येते; नुसत्या ५०० मीटरांचाच हिशेब केला तरी ४९ लक्ष जूल होतात, म्हणजे ताशीं ६० किलोमीटरांवरून पस्तीस वेळां थांबण्याएवढें ओझें. म्हणून घाट उतरतांना खालचा गियर ठेवून इंजिनाकडून वेग आवरावा, ब्रेकांवर सारा भार टाकूं नये. घाटाच्या पायथ्याशीं जो जळका वास येतो, तो बहुधा हा नियम न पाळणाऱ्यांच्या चाकांतूनच येतो.

आतां किंकाळी कां निघते? सारंगीवर गज ओढतांना तार क्षणभर गजाला चिकटते, सुटते, पुन्हां चिकटते. या चिकटण्यासुटण्यानें ती कंप पावते व सूर निघतो. पॅड आणि डिस्क यांच्यामध्यें तसेंच घडतें. कंपनें सेकंदास हजारांहून अधिक झालीं कीं तो कर्कश सूर कानाला टोचतो. हा दोष डिस्कब्रेकाइतकाच जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानें सन १९०२ मध्यें डिस्कब्रेकाचें पेटंट घेतलें. त्याच्या रचनेंत तांब्याचें अस्तर धातूच्या चकतीवर घासत असे आणि आवाज असह्य होई. पुढें हर्बर्ट फ्रूड यानें ॲस्बेस्टॉसचें अस्तर प्रचारांत आणलें, तेव्हां कानांना विसांवा मिळाला. परंतु ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक व कर्करोगास कारण होणारी आहे, हें जगाच्या ध्यानीं पुरतेपणीं येण्यास फार काळ लागला. ब्रिटनमध्यें तिच्यावर पूर्ण बंदी आली ती सन १९९९ मध्यें. म्हणूनच ब्रेकांतील काळी धूळ तोंडानें किंवा हवेच्या पंपानें कधींही फुंकूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

आवाजाची परीक्षा करण्याची एक सोपी युक्ति आहे. कांचा खालीं करून, रहदारी नसलेल्या जागीं, एखाद्या लांब भिंतीच्या कडेनें सावकाश मोटार चालवावी. भिंतीवरून आवाज परतून येतो व तो कोणत्या बाजूच्या चाकाचा, हें चांगलें कळतें. चालविणारानें केवळ चालवावें. ऐकण्याचें काम शेजारीं बसलेल्या मुलाकडे द्यावें. मुलांचे कान उंच सूर ऐकण्यांत वडिलांच्या कानांहून तरबेज असतात.

पावसाळ्यांत रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळीं पहिल्या दोन-चार थांब्यांना खरखरते. बिडाच्या उघड्या चकतीवर गंज चढतो. पॅड तो पुसून काढतात व आवाज आपोआप बंद होतो. त्यासाठीं कांहींएक करावें लागत नाहीं; कोकणांतील मोटारवाल्यांस तर हा पावसाळ्यांतील नित्याचाच अनुभव. ब्रेक दाबला नसतांही पत्रा खरवडल्यासारखा सारखा आवाज येत असेल, तर चकतीमागील पातळ संरक्षक पत्रा वांकला आहे किंवा त्यांत खडा अडकला आहे कीं काय, हें आधीं पाहावें. मोटार थंड असतां पत्रा किंचित् मागें दाबला कीं पुष्कळदां काम होतें. खड्ड्यांवरून जातांना खडखडणारे पॅड बहुधा त्यांच्या स्प्रिंगक्लिपा निघाल्यामुळें खडखडतात. मागच्या ड्रमांतून कुरकुर येते ती पुष्कळ वेळां सांचलेल्या धुळीची. तथापि ड्रम उघडण्याचें काम प्रथमच हत्यार हातीं घेणारानें करूं नये. आंतील स्प्रिंगा जोरकस असतात आणि त्या पुन्हां जागीं बसविणें कौशल्याचें असतें.

सर्वांत लक्ष देण्याजोगे आवाज दोन. पहिला बारीक व चिवट, वेगाबरोबर वाढणारा. ब्रेक दाबतांच तो कधीं थांबतो, कधीं बदलतो. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक लहान जीभ लावलेली असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलें कीं ती चकतीला टेंकून ओरडूं लागते. म्हणजे हा आवाज बिघाड नव्हे. तो मुद्दाम ठेवलेला चौकीदार आहे, व त्याची हांक ऐकून थोड्याच दिवसांत पॅड बदलले तर खर्चही थोड्यांत आटोपतो. ती ऐकली नाहीं म्हणजे दुसरा आवाज येतो. तो दळणाच्या जात्यासारखा घरघरणारा असून पेडलालाही हादरे बसतात. अस्तर संपून पॅडाची लोखंडी पाठ चकतीवर घासत असल्याची ही खूण होय. अशा वेळीं मोटार पुढें नेऊंच नये. शाळेची वेळ होत असली तरी मुलांनीं त्या दिवशीं बसनें यावें.

पॅड स्वतः तपासण्यास चाक काढावें लागतें. मोटार सपाट जागीं उभी करून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना पुढून व मागून दगड लावावे. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वींच थोडे सैल करावे. जॅकनें उचलल्यावर लगेच भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखालीं हातपाय घालणें म्हणजे यमाला आमंत्रण. आंतला व बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावे. बाहेरचा जाड व आंतला पातळ, असा प्रकार आढळला तर कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते आंत आवळून बसले आहेत, असें समजावें. नवे पॅड घातले तरी ते खिळे मोकळे केल्याशिवाय तोच दोष पुन्हां येतो. ते पुसून, ब्रेकांसाठींच मिळणारें उष्णता सोसणारें ग्रीस लावावें. हेंच ग्रीस पॅडाच्या पाठीस व टोंकांस अगदीं पातळ लावल्यानें बरीच किंकाळी थांबते. पण अस्तराला किंवा चकतीला त्याचा थेंबही लागतां कामा नये. चकतीवर खोल चरे असतील, किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षां ती पातळ झाली असेल, तर ती बदलावीच. पॅड नेहमीं डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे, नाहींतर मोटार एका बाजूस ओढते. सुटा केलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये, तारेनें बांधून ठेवावा. नवे पॅड जाड असल्यानें पिस्टन हळूहळू आंत दाबावा लागतो. तेव्हां ब्रेक ऑईल टांकींतून वर येतें, तें सांडल्यास मोटारीचा रंग खराब करतें.

यानंतरची गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, तरी सांगतों. एका सुटींत मीं पुढचे पॅड स्वतः बदलले, चाकें बसविलीं, आणि मोठ्या समाधानानें मोटार उताराच्या अंगणांतून बाहेर काढली. पेडल दाबलें, तें थेट तळाशीं गेलें! पिस्टन मागें ढकललेले होते. पेडल पांच-सात वेळां दाबून ते पुन्हां पॅडांना भिडवावे लागतात, हें मीं विसरलों होतों. हँडब्रेक ओढीपर्यंत मोटार कुंपणाच्या जास्वंदींत शिरली. क्षणभरापूर्वीं त्याच वाटेनें माझी धाकटी मुलगी सायकल घेऊन गेली होती. तेव्हांपासून काम संपलें कीं मी इंजिन सुरू करण्याआधीं पेडल दाबतों, तें दगडासारखें घट्ट लागेपर्यंत. मग नट पुन्हां आवळतों. आणि मगच किल्ली फिरवितों.

नव्या पॅडांना चकतीशीं जमवून घेण्यास अवसर द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर दहा-एक वेळां, मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबतां सौम्यपणें वेग कमी करावा व प्रत्येक वेळीं ब्रेक थोडे निवूं द्यावे. एवढ्यानेंही किंकाळी राहिली, अगर मोटारीचे मागचे हँडब्रेक विजेवर चालणारे असले, तर हट्ट न धरतां मोटार कारखान्यांत न्यावी. नेतांना एका कागदावर आवाज कोणत्या चाकाचा, थंडींत कीं गरम झाल्यावर, ब्रेक दाबतांना कीं सोडतांना, पुढें जातांना कीं मागें घेतांना, एवढें लिहून तो मेकॅनिकाच्या हातीं द्यावा.