सिलिकॉनच्या इंजेक्शननंतर स्तनात गाठी

प्रश्न : माझं वय 48. तरुणपणी स्तनांत सिलिकॉनची इंजेक्शनं घेतली होती. आता गाठी हाताला लागतात. कॅन्सर असेल का? स्तन काढावा लागला, तर पुन्हा बनवता येतो का?

उत्तर : ताई, सिलिकॉनमुळे कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. मात्र पातळ सिलिकॉन ऊतींत पसरतं, त्याभोवती कडक गाठी धरतात आणि खरी गाठ त्यांच्याआड लपते. मॅमोग्राफीत दाट पांढरे डाग दिसतात, सोनोग्राफीत पडद्यावर नुसतं धुकं. म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करा. संशयास्पद गाठीची बायोप्सी हवीच. काखेतल्या गाठी सिलिकॉननेही सुजतात, तेव्हा तपासणीआधी घाबरू नका.

कॅन्सर निघालाच, तर बहुधा सिलिकॉन मुरलेल्या भागासह स्तन काढावा लागतो. त्वचेत किंवा स्नायूतही ते शिरलेलं असेल, तर इम्प्लांटपेक्षा पोटाची त्वचा-चरबी किंवा पाठीचा स्नायू वापरून केलेली पुनर्रचना सहसा सोयीची ठरते. रेडिएशन लागणार असेल, तर पुनर्रचना कधी करायची हे कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांनी मिळून ठरवावं.

इंजेक्शनांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. संकोचापायी निदान लांबवू नका.