पांदण अडवली, वकील नाही

प्रश्न : आमच्या वावरात जायला जुनी पांदण आहे. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्यानं धुऱ्याला लागून तारेचं कुंपण घातलं आणि बंडी जायची वाट बंद झाली. आता कापूस फुटलाय, तो डोक्यावरून आणावा लागतो. मालक गेल्यापासून शेती मीच पाहते. वकिलाची फी झेपत नाही. यवतमाळला एका दुकानात ‘आपली केस आपणच लढा’ अशा धर्तीचं पुस्तक दिसलं. ते घेऊन मला एकटीला तहसीलमध्ये उभं राहता येईल का? (एक वाचक, आर्णी तालुका)

उत्तर : येईल, ताई. पण पुस्तकाआधी कॅलेंडर हातात घ्या. अडवलेल्या वाटेचा दावा मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे चालतो आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. जूनचा दुसरा आठवडा धरला तर डिसेंबरचा दुसरा आठवडा ही तुमची शेवटची हद्द. आधी वेचणी होऊ द्या, मग तूर निघू द्या, असं करत ती ओलांडू नका. गावात बसलेली बैठक, तलाठ्याला दिलेला कागद, पोलिस पाटलाच्या कानावर घातलेली गोष्ट, यातल्या कशानंही ही मुदत थांबत नाही.

या कायद्याचं नाव ऐकून बिचकू नका. जुन्या मुंबई इलाख्यात तहसीलदाराला मामलेदार म्हणत. आपण वऱ्हाडातले, आपल्या तोंडी तो शब्द नाही, पण कायदा आज आपल्याकडेही चालतो. त्यातली दोन कलमं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचली होती. कलम ८ म्हणतं की एखादा माणूस रीतसर दावा न करता नुसता साधा अर्ज घेऊन आला आणि विषय या कायद्यात बसणारा असला, तर या कायद्यानं काय दाद मिळते हे मामलेदारानं त्याला समजावून सांगायचं आणि ती हवी आहे का, असं विचारायचं. कलम ९ त्याच्याही पुढे जातं. दाव्यात आवश्यक तपशील नसतील तर मामलेदारानं दावा करणाऱ्याला शपथेवर विचारून ते काढून घ्यायचे, लिहून ठेवायचे, आणि ते लिखाण दाव्याचाच भाग मानलं जातं. ज्या कामासाठी तुम्ही पुस्तक शोधताय ते काम शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कायद्यानं अधिकाऱ्याच्या अंगावर टाकलेलं आहे. म्हणून खिडकीवर कोणी ‘वकिलाकडून करून आणा’ म्हणालं, तर ही दोन कलमं नम्रपणे, पण नाव घेऊन सांगा.

तरीही दावा स्वतः नीट लिहून नेलेला बरा. वर ठळक लिहा : ‘मामलेदार न्यायालय कायदा, १९०६, कलम ५(२) अन्वये दावा’. हे शीर्षक नसलं की अर्ज साध्या तक्रारींच्या गठ्ठ्यात जातो आणि तुमचे सहा महिने तिथेच संपतात. मग तुमचं आणि शेजाऱ्याचं नाव, वय, धंदा, पत्ता. दोघांचे गट नंबर. वाट कुठून निघते आणि कुठे पोचते. कुंपण नेमकं कुठे आहे आणि कोणत्या तारखेला घातलं. शेवटी कागदांची आणि साक्षीदारांची यादी. खाली सत्यापन आणि सही. कोर्ट फीचं तिकीट किती रुपयांचं लागतं ते तिथेच विचारा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

पुराव्यात सगळ्यात वजन गाव नकाशाचं. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल काढा. नकाशावर तुटक दुहेरी रेघ असेल तर ती गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. तुमच्या गावचं वाजिब-उल-अर्ज मिळत असेल तर तेही मागा. गावातल्या वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क त्या जुन्या दप्तरात नोंदले जातात. विदर्भाबाहेरच्या वकिलांनाही ते चटकन आठवत नाही, मग मुंबई-पुण्यात छापलेल्या पुस्तकात ते कुठून येणार! नकाशावर रेघ नसली तरी हातपाय गाळू नका. कायद्यात रस्त्याबरोबर रूढीनं चालत आलेली वाटही धरली आहे. अशा वेळी त्या पांदणीनं बंडी हाकलेले दोन-तीन म्हातारे साक्षीला उभे करा. आणि ‘आम्ही कायमच या वाटेनं जातो’ एवढ्यावर थांबू नका. मागच्या हंगामात कापूस याच वाटेनं कोणाच्या गाडीत गेला, हे सांगणारा माणूस हवा.

एक घोटाळा नेहमी होतो, तोही टाळा. आधी वाटच नव्हती आणि आता धुऱ्याधुऱ्यानं नवी हवी आहे, तर तो अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली करायचा. होती ती वाट अडवली, तर कलम ५. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, त्यामुळे लोक एकात दुसरं मिसळतात आणि मग दोन्हीकडून अडकतात.

आता तुमच्या पुस्तकाविषयी. अमेरिकेत १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी राल्फ वॉर्नर आणि एड शर्मन या दोन वकिलांनी ‘नोलो’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. वकिलाशिवाय स्वतःचा घटस्फोट स्वतः कसा घ्यायचा, हे त्यांचं पहिलं पुस्तक. ते एका राज्यापुरतं आणि एका कामापुरतं होतं, आणि माझ्या मते त्याची ताकद तिथेच होती. मृत्युपत्रापासून चेक बाउन्सपर्यंत सगळं एका जिल्दीत कोंबणाऱ्या पुस्तकांतून असा उपयोग होत नाही. दुकानात उभ्या उभ्या एक पान उघडून पाहा. कोणत्या कार्यालयात जायचं आणि किती दिवसांच्या आत, हे दोन्ही तिथे लिहिलेलं असेल तर पुस्तक घ्या. नुसते ‘विनंती की’नं सुरू होणारे नमुने असतील तर ते पैसे नकाशाच्या नकलेवर खर्च करा.

आणि ताई, वकील परवडत नाही म्हणून एकटीनंच लढायची तुमच्यावर सक्ती नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला मोफत वकील मागता येतो, तिथे तुमचं उत्पन्न पाहिलं जात नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही तसंच. या कायद्यातल्या ‘न्यायालय’ शब्दात महसुली न्यायालयही येतं, म्हणजे तहसीलदारांपुढच्या दाव्यालाही ही मदत मागता येते. यवतमाळला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि देशभरासाठी १५१०० हा फोन आहे. दावा मुदतीत स्वतः दाखल करून वकील नंतर मागितला तरी चालतं.

दाखल झाल्यावर शेजाऱ्याला नोटीस जाईल. स्थळ पाहणी ठरली तर त्या दिवशी वावरात हजर राहा आणि पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कोणतीही तारीख चुकवू नका, तुमच्या गैरहजेरीत दावा फेटाळला जाऊ शकतो. निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण आहे. पण शेजारी ‘ती जमीनच माझी’ म्हणून दिवाणी न्यायालयात गेला, तर तिथे मात्र एकटीनं जाऊ नका. मालकीचा दावा पुराव्याच्या बारकाव्यांवर फिरतो, तिथे विधी सेवेचा वकील घ्याच.

प्रश्न : कपाशीचं बियाणं उगवलंच नाही. ग्राहक आयोगात वकील लागतोच का? (एक वाचक, दिग्रस)

उत्तर : लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार स्वतः मांडता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगापुढे. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण शेतातला पुरावा दोन आठवडेही टिकत नाही. बी मोडून दुबार पेरणी करण्याआधी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार निवारण समितीचा पंचनामा करून घ्या. पावती, पिशवी आणि तिच्यावरचा टॅग जपा. ‘शेतकरी ग्राहक नाही’ आणि ‘बियाण्याचा नमुना तपासायला दिला नाही’ हे कंपन्यांचे ठरलेले बचाव. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली ते दोन्ही फेटाळले आहेत. शेतकरी घेतलेलं सगळं बी पेरतो, तपासणीसाठी त्यातलं काढून ठेवेल अशी अपेक्षाच करता येत नाही, असं न्यायालयानं मानलं. तक्रारीत या निकालाचा उल्लेख वर्षासह करा.