थेट प्रक्षेपण अडखळते तेव्हा

सार्वजनिक जीवनातील महत्त्वाचे प्रसंग घरबसल्या पाहण्याची सोय आता सामान्य नागरिकाच्या हाती आली आहे. न्यायालयाचे कामकाज जनतेला थेट पाहता यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्यांचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण सुरू झाले. महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाचे प्रकरण त्या पहिल्याच दिवशीच्या सुनावण्यांत होते. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरत असताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. तथापि, ऐन मोक्याच्या क्षणी चित्र गोठावे आणि पडद्यावर चक्र फिरत राहावे, हा अनुभवही अनेकांना येतो. अशा वेळी इंटरनेट सेवेला दोष देऊन बहुतेक जण स्वस्थ बसतात. वास्तविक हा दोष चार ठिकाणांपैकी कोठेही असू शकतो. तो क्रमाने शोधल्यास बहुधा सापडतो आणि पुष्कळदा घरच्या घरी दूरही करता येतो.

विलंब वेगळा, खंड वेगळा

थेट प्रक्षेपणातील चित्र अखंड धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे लहान तुकडे करून ते एकामागून एक पाठविले जातात. आपला फोन किंवा संगणक असे काही तुकडे आधी जमवितो व मगच चित्र दाखवू लागतो. तुकडा ६ सेकंदांचा असेल आणि असे ३ तुकडे हाताशी ठेवले, तर प्रेक्षक मूळ घटनेच्या किमान १८ सेकंद मागे राहतो. शेजारच्या घरात दूरचित्रवाणीवर गडी बाद झाल्याचा जल्लोष आधी ऐकू येतो, तो यामुळेच. हा विलंब म्हणजे बिघाड नव्हे.

घरावरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले, तर खंड का पडतो हे ध्यानात येईल. नळाला पाणी कमीअधिक आले तरी टाकीत साठा असेपर्यंत घरातील धार तुटत नाही. आधी चित्रित केलेला चित्रपट पाहताना ही टाकी हवी तेवढी भरून ठेवता येते. थेट प्रक्षेपणात मात्र पुढचा प्रसंग अद्याप घडलेलाच नसल्यामुळे साठा नेहमीच तुटपुंजा असतो. म्हणूनच ज्या जोडणीवर चित्रपट सुरळीत चालतो, तिच्यावरच थेट प्रक्षेपण अडखळू शकते.

दोष कोठे आहे?

पहिले ठिकाण म्हणजे प्रक्षेपणाचा उगम. त्याच फोनवर दुसरे एखादे थेट प्रक्षेपण लावून पाहावे. ते नीट चालत असेल आणि वेगळी जोडणी वापरणाऱ्या परिचितालाही मूळ प्रक्षेपणात तीच अडचण येत असेल, तर दोष उगमाशी आहे. घरातील खटपट तेथे व्यर्थ होय.

दुसरे ठिकाण म्हणजे आपले उपकरण. आवाज अखंड येत आहे, पण चित्र मात्र धक्के खात आहे, असे आढळल्यास फोन किंवा संगणकावर ताण पडत असण्याचा संभव अधिक. मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स बंद करावीत, तापलेला फोन थंड होऊ द्यावा, बॅटरी बचतीची सोय तात्पुरती थांबवावी. आवाज व चित्र दोन्ही थांबून चक्र फिरू लागले, तर साठा संपला असे समजावे आणि पुढील दोन ठिकाणांकडे वळावे.

तिसरे ठिकाण म्हणजे घरातील वाय-फाय. राउटरजवळ जाऊन पाहावे. तेथे चित्र सुरळीत झाले, तर दोष भिंतींचा व अंतराचा आहे. राउटर कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोचतो. परंतु त्यात शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते व मायक्रोवेव्ह भट्टीचाही अडथळा येतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण त्याचा पल्ला कमी. शक्य असेल तेथे राउटरपासून संगणकापर्यंत सरळ तार जोडणे सर्वांत खात्रीचे.

चौथे ठिकाण म्हणजे बाहेरून येणारी जोडणी. यूट्यूबच्या शिफारशीनुसार ३६० रेषांच्या चित्राला दर सेकंदास ०.७ मेगाबिट, ४८० ला १.१, ७२० ला २.५ आणि १०८० ला ५ मेगाबिट वेग लागतो. वेग मोजायचा तो प्रक्षेपणाच्याच वेळी, त्याच जागी व तीन-चार वेळा. त्यातील सर्वांत कमी आकडा हाच आपल्या उपयोगाचा. कारण साठा आटतो तो वेग खाली येतो तेव्हाच. मोबाइलधारकांनी दिवसाची डेटामर्यादा संपली नाही ना, हेही पाहावे. अनेक योजनांत मर्यादेनंतर वेग ६४ किलोबिटवर येतो आणि एवढ्या वेगात कोणतेही चित्र चालणे अशक्य. ५ मेगाबिटच्या चित्राला तासाला सुमारे सव्वादोन गिगाबाइट डेटा खर्च होतो, तर ०.७ मेगाबिटच्या चित्राला सुमारे ३१५ मेगाबाइट पुरतात.

तात्काळ उपाय

प्रसंग चालू असताना प्रथम चित्राची स्पष्टता एक पायरी खाली आणावी. ‘स्वयंचलित’ निवड पुष्कळदा वेगाच्या चढउतारामागे धावते. त्यापेक्षा स्थिर निवडलेले ४८० रेषांचे चित्र अधिक समाधान देते. मागे सरकण्याची सोय असल्यास प्रक्षेपण अर्धा मिनिट थांबवून मग चालू करावे. तेवढ्यात साठा वाढतो. त्यानंतर ‘लाइव्ह’ हे बटन वारंवार दाबून अगदी पुढच्या क्षणाला गाठण्याचा हट्ट धरू नये. तसे केल्यास जमविलेला साठा हातचा जातो. घरातील मोठी डाउनलोड कामे तूर्त थांबवावीत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

तारेने जोडूनही वेग सतत कमी भरत असेल, तर दिनांक, वेळ व मोजलेला वेग यांची नोंद ठेवून सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करावी व तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

सामुदायिक प्रेक्षणाची दक्षता

शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायती यांनी हा हिशेब विशेष ध्यानात घ्यावा. एकाच जोडणीवर ४० विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनवर अगदी ३६० रेषांचे चित्र लावले, तरी २८ मेगाबिटचा वेग लागेल. मोठ्या पडद्यावर सर्वांना मिळून १०८० रेषांचे उत्तम चित्र दाखविण्यास ५ मेगाबिट पुरतात. आदल्या दिवशी त्याच वेळी चाचणी घ्यावी. राष्ट्रीय महत्त्वाचा प्रसंग दूरदर्शनवरही असल्यास तो संच जोडून तयार ठेवावा. चांद्रयान-३ चे अवतरण दूरदर्शननेही दाखविले होते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणावर प्रेक्षकसंख्येचा भार पडत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

न्यायालयातील युक्तिवाद असो वा विज्ञानाचे यश, ते प्रत्यक्ष पाहण्याची संधी देशातील प्रत्येकाला सारखीच मिळावी, हा थेट प्रक्षेपणामागील हेतू आहे. शेवटच्या खोलीतील राउटरपाशी ही संधी अडून राहू नये, एवढी काळजी आपल्या हातची आहे.