लिनक्स संगणक व बिनतारी जोडणी

शाळेतील लिनक्स संगणकाची वायफाय जोडणी तुटली, की संपूर्ण प्रणालीच पुन्हा भरण्याची घाई होते आणि मुलांच्या नोंदी पुसल्या जातात. तसे करू नये. प्रथम त्याच वायफायवर मोबाईल चालतो का, ते पाहावे. तोही अडल्यास दोष बहुधा संगणकाचा नव्हे. मोबाईल चालत असल्यास टर्मिनलमध्ये रोमन लिपीत ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ दिसल्यास ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ एवढी आज्ञा पुरते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असल्यास मात्र आज्ञा निरुपयोगी. यंत्रावरील वायफायचे बटणच शोधावे. कित्येक जुन्या लॅपटॉपच्या कडेस ते असते, व मुलांचा हात तेथे सहज लागतो! जोडणी लागून वरचेवर तुटत असेल, तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झची निवडावी. जाड दगडी भिंतींतून तिच्या लहरी अधिक पोहोचतात.