आकड्यांच्या छायेतील नोकरी : एका डिजिटल माध्यमसंस्थेचा अभ्यास

वृत्तपत्राच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला आपला वाचक सहसा दिसत नसे. रात्रपाळीचा उपसंपादक मजकूर तपासून छापखान्यात पाठवी, जुळारी खिळे जुळवी, पहाटे गठ्ठे बाहेर पडत आणि खपाचा हिशेब व्यवस्थापकाच्या वहीत राही. एकंदर किती अंक खपले हे कळे. त्यांतील कोणती बातमी किती जणांनी वाचली हे संपादकालाही ठाऊक नसे. अंक वाचकाच्या दारी पोहोचवणारी व्यवस्था मात्र बहुतांशी वृत्तपत्राच्या हुकमतीत असे.

डिजिटल माध्यमांनी या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. प्रत्येक लेख किती जणांनी उघडला हे लेखकाला घटकाभरात पडद्यावर दिसू लागले. वाचक ज्या वाटेने येतो ती वाट मात्र प्रकाशकाच्या हातून निसटून फेसबुक व गूगल यांसारख्या बलाढ्य कंपन्यांच्या ताब्यात गेली. या स्थित्यंतराचा तेथे नोकरी करणाऱ्या माणसांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील ‘बझफीड’ या कंपनीचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे काम केलेल्यांपैकी काहींनी त्या वर्षांची आठवण कृतज्ञतेने काढली आहे, तर काहींनी कडवटपणाने. ही दोन्ही मते खरी आहेत आणि त्यांचे मूळ एकाच व्यवस्थेत आहे.

प्रयोगशाळेचे दिवस

जोना पेरेटी यांनी २००५ साली आरियाना हफिंग्टन व इतरांसमवेत ‘हफिंग्टन पोस्ट’ या संकेतस्थळाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे त्यांनी बझफीड सुरू केले. लोक कोणता मजकूर आपण होऊन एकमेकांना पाठवतात, याचा शोध घेणे हा या उपक्रमाचा आरंभीचा हेतू होता. गमतीदार याद्या, प्रश्नमंजूषा आणि मांजरांची छायाचित्रे यांमुळे त्याचे नाव झाले. २०१२ च्या सुमारास बेन स्मिथ यांच्या संपादकत्वाखाली गंभीर बातमीदारीचा विभाग आकाराला आला. करमणुकीच्या मजकुराने व प्रायोजित जाहिरातींनी पैसा मिळवावा आणि त्यातून बातमीदारीचा खर्च भागावा, अशी ती योजना होती.

या काळात तेथे आलेल्या तरुणांना मिळालेल्या संधी सामान्य नव्हत्या. जुन्या वृत्तपत्रांत नवख्या बातमीदाराला स्वतःच्या नावाने मोठा लेख छापून येण्यासाठी वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. बझफीडमध्ये पंचविशीतील लेखकाला आपली कल्पना सकाळी मांडून सायंकाळपर्यंत ती लाखो वाचकांपुढे नेता येई. ज्या समाजगटांना मोठ्या वृत्तपत्रांत फारसे स्थान नव्हते, त्यांतील तरुणांनाही येथे वाव मिळाला. शोधपत्रकारितेसाठी स्वतंत्र पथक नेमण्यात आले आणि त्याला महिनोन्‌महिने एकाच विषयामागे राहण्याची मुभा देण्यात आली.

या मोकळिकीचे फळ २०२१ साली दिसून आले. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइघूर व अन्य मुस्लिम लोकांना डांबून ठेवण्यासाठी उभारलेल्या छावण्यांचा माग मेघा राजगोपालन, अ‍ॅलिसन किलिंग आणि क्रिस्टो बुशेक यांनी घेतला होता. राजगोपालन या बातमीदार, किलिंग या वास्तुविशारद, तर बुशेक हे संगणक-आज्ञावलीकार. चीनमधील एका नकाशासेवेत जे भाग कोरे ठेवलेले होते, त्यांची उपग्रहचित्रांशी तुलना करून त्यांनी छावण्यांची स्थाने निश्चित केली. या कामास आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वास्तुविशारद व संगणकतज्ज्ञ यांना बातमीदाराच्या बरोबरीने बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणण्याची तयारी या नव्या संस्थेने दाखवली, हे तिच्या जमेच्या बाजूला मांडलेच पाहिजे.

आकडा आणि वाट

ही मोकळीक ज्या पैशावर उभी होती तो मुख्यतः गुंतवणूकदारांचा होता. एनबीसी युनिव्हर्सल या कंपनीने २०१५ व २०१६ या दोन वर्षांत मिळून ४० कोटी डॉलर बझफीडमध्ये गुंतवले. अशा गुंतवणुकीला वेगाने वाढणारा व्याप अपेक्षित असतो, आणि व्याप मोजण्याचे हाताशी असलेले माप म्हणजे वाचकांचा व प्रेक्षकांचा आकडा. लेखकाच्या पडद्यावर दिसणारा आकडा त्यामुळे केवळ कुतूहलाचा विषय राहिला नाही; विभागाचे भवितव्य त्याच्याशी बांधले गेले.

हा आकडा वाढणे किंवा घटणे लेखकाच्या कौशल्यावर थोडे आणि वाटेच्या मालकावर अधिक अवलंबून होते. लोक चित्रफिती किती वेळ पाहतात याची सरासरी आपण फुगवून सांगत होतो, अशी कबुली फेसबुकने २०१६ साली दिली. तरीही २०१७ मध्ये अनेक अमेरिकी संस्थांनी लेखक कमी करून चित्रफितींकडे मोर्चा वळवला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने वापरकर्त्यांना आप्तमित्रांचा मजकूर अधिक व संस्थांचा मजकूर कमी दाखवण्याचे धोरण जाहीर केले. अशा एका निर्णयाने एखाद्या विभागाचा वाचकवर्ग आटून जाऊ शके आणि त्या विभागातील माणसांना त्यात काहीही म्हणता येत नसे.

चित्रफिती तयार करणाऱ्यांची तक्रार निराळी होती. तेथे अभिनेता, लेखक व संकलक ही सर्व कामे बहुधा एकच तरुण करी. त्याचा चेहरा लाखोंच्या ओळखीचा होई. परंतु त्याने निर्माण केलेल्या पात्रावर व कार्यक्रमावर कंपनीची मालकी असे. बाहेरचे काम करण्यावर करारात बंधने होती आणि ती मोडल्याबद्दल २०१६ साली लॉस एंजेलिस येथील दोघींना नोकरी गमवावी लागली. आपण बझफीड का सोडले हे सांगणाऱ्या माजी कर्मचाऱ्यांच्या चित्रफितींचा पुढे एक प्रकारच रूढ झाला. त्यांतील पुष्कळांनी कंपनीत शिकायला मिळाले हेही मान्य केले आहे. ‘ट्राय गाइज’ या नावाने प्रसिद्ध झालेले चौघे तरुण २०१८ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्यांनी कंपनीशी तडजोड करून ते नाव आपल्याबरोबर नेले. बाकीच्यांच्या हाती बहुधा केवळ अनुभव लागला.

शिल्लक रजेचा प्रश्न

नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पन्नाचे उद्दिष्ट हुकल्यावर सुमारे १०० जणांना कामावरून कमी करण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने सुमारे १५ टक्के, म्हणजे दोनशेहून अधिक नोकऱ्या कमी केल्या. या दुसऱ्या प्रसंगी एक लहानसा वाटणारा, परंतु फार बोधप्रद वाद उद्भवला. कर्मचाऱ्यांच्या खात्यावर भरपगारी रजा शिल्लक होती. कॅलिफोर्निया राज्यातील कर्मचाऱ्यांना तिचा मोबदला देण्याचे कंपनीने ठरवले, कारण तेथील कायद्यानुसार साठलेली रजा ही कमावलेल्या वेतनातच मोडते. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना मात्र तो आरंभी नाकारण्यात आला.

एकाच कंपनीत एकाच दिवशी नोकरी गमावलेल्या दोन माणसांमध्ये हा फरक पडला तो कंपनीच्या ममत्वामुळे नव्हे. एका राज्याच्या कायद्यातील तरतुदीमुळे. शेकडो आजी-माजी कर्मचाऱ्यांनी जाहीर पत्रावर सह्या केल्यानंतर कंपनीने आपला निर्णय बदलला आणि सर्वांना मोबदला देण्याचे मान्य केले. कचेरीतील खेळीमेळीचे वातावरण, मोफत खाणे आणि वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारण्याची मोकळीक यांनी जे साधले नव्हते, ते एका सामुदायिक मागणीने साधले.

संघटना : तीन संस्था, तीन परिणाम

डिजिटल माध्यमांतील तरुण कर्मचारी दीर्घकाळ कामगार संघटनांपासून दूर राहिले होते. जून २०१५ मध्ये ‘गॉकर मीडिया’ या न्यूयॉर्कमधील संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी ८० विरुद्ध २७ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला आणि वारे फिरले. त्याच वर्षी पेरेटी यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले, की संघटना बझफीडला मानवणारी नाही. पुढे २०१९ च्या नोकरकपातीनंतर बझफीडच्या वृत्तविभागाने संघटना स्थापन केली. जूनमध्ये चार शहरांतील कर्मचारी काम थांबवून बाहेर पडले आणि जुलैमध्ये कंपनीने संघटनेस मान्यता दिली. सामुदायिक करार मात्र प्रदीर्घ वाटाघाटींनंतर, २०२२ मध्ये झाला.

संघटना झाली म्हणजे नोकरी सुरक्षित झाली, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. न्यूयॉर्कमधील ‘डीएनएइन्फो’ व ‘गॉथमिस्ट’ या स्थानिक वृत्तसंकेतस्थळांच्या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये संघटनेसाठी मतदान केले. आठवडाभरातच मालक जो रिकेट्स यांनी दोन्ही संकेतस्थळे बंद केली आणि ११५ जणांची नोकरी गेली. याउलट गॉकर मीडिया खासगीपणाच्या भंगाबद्दलच्या एका दाव्यामुळे २०१६ साली दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिची बाकीची संकेतस्थळे विकत घेणाऱ्या युनिव्हिजन कंपनीने संघटनेशी झालेला करारही स्वीकारला. मालक बदलला, तरी त्या संकेतस्थळांवरील माणसांच्या सेवाशर्ती टिकल्या.

या तीन उदाहरणांवरून कराराचे सामर्थ्य व त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. करार उत्पन्न निर्माण करू शकत नाही आणि दार बंद करण्यास निघालेल्या मालकाला अडवू शकत नाही. तोटा झाल्यास तो कोणी किती सोसायचा, हे मात्र करार बऱ्याच अंशी ठरवू शकतो.

भागभांडवलाचे आश्वासन

कंपनीच्या आरंभीच्या काळात आलेल्या अनेकांना वेतनाबरोबर शेअर मिळाले होते. कंपनी एक दिवस शेअर बाजारात जाईल आणि आजच्या कष्टांचे चीज होईल, ही आशा त्यामागे होती. डिसेंबर २०२१ मध्ये तो दिवस आला. व्यवहार मंजूर करण्यासाठी भागधारकांचे मतदान होते त्याच दिवशी, २ डिसेंबर रोजी, वृत्तविभागातील ६१ कर्मचाऱ्यांनी रखडलेल्या कराराच्या निषेधार्थ काम बंद ठेवले. चार दिवसांनी शेअरची खरेदी-विक्री सुरू झाली. आरंभी भाव चढला आणि मग घसरू लागला. महिना संपण्यापूर्वी तो मूळच्या १० डॉलरच्या बराच खाली गेला होता. अनेक आजी-माजी कर्मचाऱ्यांना आपले शेअर योग्य प्रकारात रूपांतरित न झाल्यामुळे पहिल्या दिवशी विकताच आले नाहीत. त्यांनी २०२२ साली लवादाकडे दाद मागितली. ज्या वेतनाची भरपाई भविष्यातील शेअरने व्हायची होती, त्या वेतनाची वर्षे निघून गेली होती.

हफिंग्टन पोस्ट, आताचे ‘हफपोस्ट’, बझफीडने फेब्रुवारी २०२१ मध्ये ताब्यात घेतले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील ४७ जणांना कमी करण्यात आले आणि कॅनडातील आवृत्ती बंद झाली. ही बातमी कर्मचाऱ्यांना संगणकावरील सभेत देण्यात आली. सभेत प्रवेश करण्यासाठी दिलेल्या परवलीच्या शब्दाचा अर्थ ‘वसंत आला आहे’ असा होता. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने सुमारे १८० जणांना कमी केले आणि पुलित्झर मिळवलेला वृत्तविभागच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मोठ्या समाजमाध्यम कंपन्या विनामूल्य बातमीदारीला पुरेसा आधार देणार नाहीत, हे ओळखण्यास आपल्याला उशीर झाला, असे पेरेटी यांनी या वेळी कर्मचाऱ्यांना कळवले.

भारताच्या दृष्टीने

या घडामोडींचा भारताशी थेट संबंध आला तो हफपोस्टच्या भारतीय आवृत्तीमुळे. ती डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडली. डिजिटल वृत्तमाध्यमांतील परकीय गुंतवणुकीवर भारत सरकारने २०१९ मध्ये २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्यामुळे बझफीडला तिचे नियंत्रण घेता येत नव्हते. न्यूयॉर्कमधील एक व्यवहार आणि दिल्लीतील एक नियम यांच्या कात्रीत येथील पत्रकारांच्या नोकऱ्या सापडल्या.

पत्रकाराच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण असावे, ही कल्पना भारतात नवी नाही. न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल सादर केला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम घेऊ नये. कामावरून कमी करताना संपादकास सहा महिन्यांची व अन्य पत्रकारास तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु त्या कायद्यातील वृत्तपत्राची व्याख्या छापील नियतकालिकापुरती होती. त्यामुळे केवळ संकेतस्थळासाठी काम करणारा बातमीदार तिच्या बाहेर राहिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ‘श्रमिक पत्रकार’ या संज्ञेत डिजिटल माध्यमांचा समावेश केला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली.

बझफीडच्या इतिहासात कोणी खलनायक शोधू लागल्यास विषयाचे आकलन अपुरे राहील. तेथील अधिकाऱ्यांनी उत्तम बातमीदारीवर पैसा खर्च केला, आणि तेथील कर्मचाऱ्यांनी त्या पैशाचे सोने केले. उणीव होती ती या सद्भावनेला लेखी रूप देण्याची. अशा संस्थेत प्रवेश करू इच्छिणाऱ्याने कामाच्या आकर्षणाबरोबरच काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. माझ्या कामाचे मोजमाप कोणत्या आकड्याने होणार आणि तो आकडा कोणाच्या हाती आहे? मी निर्माण केलेल्या गोष्टीवर मालकी कोणाची? वेतनाचा किती भाग आज मिळतो आणि किती भाग आश्वासनाच्या रूपाने? नोकरी गेल्यास शिल्लक रजा, पूर्वसूचना व भरपाई यांविषयी कागदावर काय लिहिले आहे? या प्रश्नांची उत्तरे नोकरीच्या पहिल्या दिवशी मागितली, तर ती मागणे अवघड नसते. शेवटच्या दिवशी ती मागावी लागली, तर बझफीडच्या कर्मचाऱ्यांप्रमाणे शेकडो सह्या गोळा कराव्या लागतात.