गळू का पिळू नये? सात तुकड्यांच्या विषाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर गळू आले. आईने सुई तापवून ते फोडले, दोन्ही अंगठ्यांनी पिळले आणि वर हळद लावली. तिसऱ्या दिवशी मांडी लालभडक सुजली, अंगात ताप भरला. दवाखान्यात सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तीन दिवसांत ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या डब्यात राहिल्या. पंधरा दिवसांत गळू पुन्हा उठले. ती माउली आम्हाला म्हणाली, "पू तर सगळा काढला होता. मग चुकलं कुठे?"

तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका विषाच्या घडणीत आहे. ते आपण नीट समजून घेऊ.

जंतू कोणता?

गळवामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो, म्हणून त्याला हे नाव पडले. 1880 च्या सुमारास स्कॉटलंडचे शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवाच्या पुवात असे घोस पाहिले. दहातल्या सुमारे तीन धडधाकट माणसांच्या नाकात हा जंतू गुपचूप राहतो. म्हणजे गळू होणे हे कुणाच्या अस्वच्छतेचे प्रमाणपत्र नव्हे. कातडीला खरचटले, केसाच्या मुळाशी वाट मिळाली, की तो आत शिरतो.

विष कसे बनते?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. तेलात पाणी मिसळत नाही, तसेच क्षार आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ या पटलातून सहज जात नाहीत. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त. हा फरक टिकला तरच पेशी जगते.

जंतू नेमका या पटलावर घाव घालतो. तो अल्फा टॉक्सिन नावाचे प्रथिन बाहेर सोडतो. हे प्रथिन सुटे असताना पाण्यात विरघळून फिरते, तेव्हा एकट्याने ते भोक पाडू शकत नाही. पेशीच्या पटलावर चिकटल्यावर मात्र असे सात तुकडे एकमेकांना भिडून गोल कडे करतात. मग प्रत्येक तुकडा आपली दुमडून ठेवलेली पट्टी उलगडून खाली पटलात खुपसतो. एका पट्टीच्या दोन काड्या, म्हणून सातांच्या चौदा. लाकडी पिंपाच्या उभ्या फळ्यांसारख्या त्या शेजारीशेजारी बसतात आणि आरपार नळी तयार होते. नळीची बाहेरची बाजू तेलाशी जुळणारी, म्हणून ती पटलात घट्ट बसते. आतली बाजू पाण्याशी जुळणारी, म्हणून तिच्यातून पाणी आणि क्षार वाहतात.

1996 साली अमेरिकेतील संशोधकांनी या विषाचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण सोडून त्याचा आकार शोधला. तो निघाला अळंबीसारखा: वर टोपी, खाली पोकळ दांडा. उंची सुमारे 10 नॅनोमीटर. अशा एक लाख अळंब्या एकावर एक रचल्या तर उंची भरेल एक मिलिमीटर! नळीची सर्वांत अरुंद जागा जेमतेम दीड नॅनोमीटर, पण पेशीला तेवढे पुरते. पोटॅशियम बाहेर गळते, कॅल्शियम आत घुसते, पेशीची ऊर्जा झिरपून जाते. थोडी भोके असतील तर पेशी डागडुजी करते. जास्त झाली की ती मरते. याच जंतूची याच कुळातली दुसरी विषे आठ तुकड्यांचे कडे करून आपल्या पांढऱ्या पेशींनाच मारतात. पू म्हणजे मुख्यतः या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि वितळलेले मांस.

मग चुकले कुठे?

गळू पिळले की थोडा पू बाहेर येतो, पण दाबामुळे बाकीचे जंतू आणि विष आजूबाजूच्या चांगल्या मांसात ढकलले जाते. तिथे नवी कडी, नवी भोके. म्हणून मांडी सुजली.

गोळ्यांचे म्हणाल, तर प्रतिजैविक जंतूला आवरते. आधीच पडलेली भोके ते बुजवत नाही. ते काम शरीराचे, म्हणून सूज हळूहळू उतरते. घाईने दुप्पट गोळ्या घेऊन उपयोग नाही. उलट, ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असेही नाही. उरलेले पुन्हा वाढतात आणि अर्धवट औषधाला दाद न देणारे जंतू टिकून राहण्याचा धोका वाढतो.

घरात एवढे करा

- गळू पिळू नका, सुईने टोचू नका. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे शेका. पू काढायचा असेल तर तो डॉक्टरच काढतील.
- गळू आपोआप फुटले तर स्वच्छ पट्टीने झाका. हात लागला की साबणाने धुवा.
- टॉवेल, वस्तरा, कपडे, अंथरूण वेगळे ठेवा. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.
- डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्या. मेडिकलवाल्याकडून मनाने घेऊ नका, दुसऱ्याच्या उरलेल्या वापरू नका.
- ताप, पसरणारी लाली, नाक-ओठ-डोळ्याजवळचे गळू, तान्हे मूल, मधुमेह, किंवा पुन्हापुन्हा येणारी गळवे: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या मुलाने दुसऱ्या वेळी सातही दिवस गोळ्या घेतल्या. मांडीवर आता फक्त वण आहे. त्याची आई शेजारणींना आवर्जून सांगते, "पिळू नका गं, आत ढकललं जातं." आमच्या या पानावरून आम्हालाही तेवढेच सांगायचे आहे.